ज्या डॉक्टरला सहकाऱ्यांनी वेड्यात काढलं, त्यानेच जगाला 'ओव्हरनाईट ओट्स' दिले

इन्स्टाग्राम उघडलं की हल्ली दर दहा रील्समागे एक रील 'ओव्हरनाईट ओट्स'ची असते. काचेची बरणी, रात्रभर भिजवलेले ओट्स, वर फळं आणि सुकामेवा. बघणाऱ्याला वाटतं, हे कुठल्यातरी फिटनेस इन्फ्लुएन्सरचं डोकं असणार.

पण रात्री ओट्स भिजवून सकाळी फळांसोबत खायची ही पद्धत सव्वाशे वर्षं जुनी आहे. ती जगभर पोहोचवली एका स्विस डॉक्टरने. त्याचं नाव मॅक्सिमिलियन बिर्खर-बेनर.

त्याचा जन्म २२ ऑगस्ट १८६७ चा, स्वित्झर्लंडमधल्या आराऊ गावचा. झुरिकमध्ये वैद्यकीचं शिक्षण घेतलं आणि १८९१ मध्ये त्याच शहरातल्या कामगारवस्तीत दवाखाना थाटला. पुढे एलिझाबेथ बेनर हिच्याशी लग्न झालं आणि बायकोचं आडनावही त्याने आपल्या आडनावाला जोडून घेतलं.

सुरुवातीला तो इतर चार डॉक्टरांसारखाच होता. मग त्याला स्वतःलाच कावीळ झाली. अन्नावरची वासना उडाली. तेव्हा कच्च्या सफरचंदाच्या फोडी खाऊन बरं वाटायला लागलं, असं तो पुढे सांगत असे.

दुसरा धक्का एका रुग्ण बाईने दिला. तिचं पोट इतकं बिघडलं होतं की काही पचतच नव्हतं. सगळे उपाय थकले. तेव्हा एका शाकाहारी परिचिताने सुचवलं, हिला कच्ची फळं आणि भाज्या देऊन बघा. डॉक्टरला ते पटलं नव्हतं. आजारी पोटाला मऊ शिजवलेलं अन्नच द्यायचं, असं तो शिकला होता. तरीही त्याने प्रयोग केला आणि बाई बरी झाली.

इथून त्याची गाडी रुळ बदलते.

त्या काळचं आहारशास्त्र काय म्हणत होतं, हे समजून घेतलं की पुढची गंमत कळेल. तेव्हा भाव होता मांसाला आणि प्रथिनांना. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फॉन फॉइट याने काम करणाऱ्या माणसाला दिवसाला ११८ ग्रॅम प्रथिनं लागतात, असा हिशोब मांडला होता. फळं आणि पालेभाज्या म्हणजे नुसतं पाणी, त्यात ताकद नाही, असाच समज होता. व्हिटॅमिन हा शब्दसुद्धा जन्माला यायचा होता.

अशा काळात १९०० साली बिर्खर-बेनर झुरिकच्या डॉक्टरांच्या सभेसमोर उभा राहिला आणि म्हणाला की कच्चं, वनस्पतीजन्य अन्न हेच सगळ्यात श्रेष्ठ अन्न आहे. सभेने त्याला उडवून लावलं. हा माणूस विज्ञानाची हद्द सोडून गेला, असा ठपका त्याच्यावर बसला. ज्यांच्यासोबत शिकला, त्यांनीच पाठ फिरवली.

साधारण त्याच सुमारास आल्प्समध्ये भटकंती करताना एका गुराख्याच्या झोपडीत त्याला धान्य, दूध आणि फळांचा एक साधा पदार्थ खायला मिळाला. तोच त्याने आपल्या रुग्णांसाठी बेतला.

त्याची मूळ कृती अशी. एका माणसासाठी एक मोठा चमचा ओट्स तीन चमचे पाण्यात १२ तास भिजवायचे. सकाळी त्यात एक चमचा लिंबाचा रस आणि एक चमचा गोड कंडेन्स्ड मिल्क घालायचं. मग साधारण २०० ग्रॅम सफरचंद सालीसकट आणि गाभ्यासकट थेट त्यात किसायचं, म्हणजे लिंबामुळे ते काळं पडत नाही. वरून एक चमचा बदाम किंवा हेझलनटची पूड. झालं.

कंडेन्स्ड मिल्क का? कारण तेव्हा कच्च्या दुधातून क्षयरोग पसरायची भीती होती.

नीट बघितलं तर ही डिश ओट्सची नाहीच. ती सफरचंदाची आहे, ओट्स फक्त चमचाभर. तो स्वतः तिला 'सफरचंदाचा पथ्याचा पदार्थ' अशा अर्थाच्या नावाने ओळखायचा. लोकांनी मात्र तिला 'म्यूएस्ली' केलं, म्हणजे स्विस जर्मनमध्ये छोटासा लगदा. आपण आज म्हणतो ते म्युसली.

१९०४ मध्ये त्याने झुरिकच्या टेकडीवर 'जिवंत शक्ती' अशा अर्थाच्या नावाचं आरोग्यधाम उभारलं. तिथली शिस्त कडक होती. पहाटे उठायचं, फिरायला जायचं, बागेत राबायचं, गार पाण्याने अंघोळ करायची आणि रात्री लवकर झोपायचं. दारू, तंबाखू, कॉफी सगळं बंद. तरीही युरोपातले बडे लोक पैसे मोजून यायचे. पुढे साहित्याचं नोबेल मिळवणारा थॉमस मान १९०९ मध्ये इथे राहिला होता. सुरुवातीला तो या शिस्तीला पार वैतागला होता.

आता मुद्द्याचा प्रश्न. बिर्खर-बेनर बरोबर होता का?

अर्धा. कच्च्या वनस्पतींमध्ये सूर्याची ऊर्जा साठलेली असते आणि शिजवल्यावर ती मरते, असा त्याचा सिद्धांत होता. विज्ञानाने तो कधीच मान्य केला नाही, आणि तो चुकीचाच होता. पण १९१२ मध्ये कॅसिमिर फंक याने व्हिटॅमिनची कल्पना मांडली, आणि पुढे कळलं की क व्हिटॅमिन उष्णतेने खरंच नष्ट होतं. म्हणजे कारण चुकलं होतं, पण ताटात फळं वाढवा हा सल्ला बरोबर निघाला.

ओट्सचंही तसंच. अख्ख्या ओट्समध्ये कोंडा आणि अंकुर शाबूत असतो. त्यातला बीटा-ग्लुकन हा विरघळणारा तंतू रक्तातलं कोलेस्टेरॉल कमी करायला मदत करतो. दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन हृदयविकाराचा धोका कमी करू शकतं, असं पाकिटावर लिहायला अमेरिकेच्या औषध आणि अन्न प्रशासनाने १९९७ मध्ये परवानगी दिली.

२४ जानेवारी १९३९ रोजी झुरिकमध्ये बिर्खर-बेनर गेला. त्याचा सिद्धांत मागे पडला, नाश्ता मात्र जगभर पोहोचला. वाटेत एक गडबड झाली. त्याच्या वाटीत फळ जास्त आणि धान्य कमी होतं. आजच्या बऱ्याच पाकिटांत धान्य जास्त, वर साखर, आणि फळाच्या नावाने चार मनुके.

त्यामुळे आज रात्री ओट्स भिजवणार असाल, तर सकाळी एक सफरचंद किसायला विसरू नका. खरी रेसिपी तीच आहे.