श्री संत गोरोबाकाका

किल्लारी परिसरातून वाहणाऱ्या तेरणेच्या काठी, वरच्या अंगाला तेर हे प्राचीन गाव आहे. तगर या नावाने पूर्वी प्रसिद्ध असलेल्या या नगरीत श्री संत गोरा कुंभार यांचा जन्म परंपरेनुसार शके ११८९ (इ.स. १२६७) मध्ये झाला. संतमेळ्यात ते वयाने वडील, म्हणून सर्वांचे काका.

मडकी घडविणे हा त्यांचा वंशपरंपरागत व्यवसाय. चिखल तुडविताना मुखी अखंड नामघोष असे व पावले त्याच तालावर पडत. एके दिवशी पत्नी संती पाण्यास गेली असता त्यांचे रांगते मूल चिखलात आले आणि भजनात देहभान हरपलेल्या पित्याच्या पायाखाली तुडविले गेले. पुढे संतीने विठ्ठलाची शपथ घालून आपणास स्पर्श करू नये असे बजावले. तिची धाकटी बहीण रामी हिच्याशी त्यांचा विवाह झाला, तेव्हा सासऱ्यांनी दोघींना समान वागविण्यास सांगितले. काकांनी ती शपथ दोघींनाही लागू केली. निद्रेत आपल्या हातून ती मोडली असे दिसताच त्यांनी स्वतःचे दोन्ही हात तोडले. कुंभाराने हात तोडणे म्हणजे चाकच थांबविणे होय.

भाविकांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्या भजनाच्या तंद्रीत हा घात झाला, ते भजन मात्र काकांनी सोडले नाही. आषाढी वारीस ते सहकुटुंब पंढरपुरी गेले. नामदेवरायांचे कीर्तन रंगले, सर्वांनी हात उंचावून टाळी धरली. काकांनीही थोटे हात वर केले व ते नाचू लागले. तोच त्यांना हात फुटले, आणि संतीच्या विनवणीवरून बाळ रांगत आले, असे महिपतीबुवांनी भक्तविजयात (इ.स. १७६२) वर्णिले आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात या परिसराने हजारो माणसे गमावली. कित्येकांच्या अंगणातून लेकरे गेली आणि मागे राहिलेल्यांच्या मनात आपण का वाचलो हा सल राहिला. येथे हे चरित्र वाचताना बाळ परतल्याच्या चमत्काराहूनही त्याच्या क्षणभर आधीचे दृश्य अधिक भिडते. तेव्हा काकांना हात नव्हते, मूलही नव्हते, तरी पावलांनी पुन्हा तोच ताल धरला होता.

काकांनी शके १२३९ (इ.स. १३१७) मध्ये चैत्र वद्य त्रयोदशीस तेर येथे समाधी घेतली. समाधिमंदिर व त्यांचे राहते घर म्हणून दाखविली जाणारी वास्तू तेथे दर्शनास आहे.