डोंगर का सुटतो? : कार्ल टर्झागी

पावसाळ्यात भीमाशंकर, नाणेघाटाकडे ट्रेकला निघालं की माळीण आठवतं. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातलं हे गाव डोंगराखाली गाडलं गेलं. दीडशेच्या वर माणसं गेली. डोंगर असा का सुटतो, याचं गणित मांडणारे इंजिनिअर म्हणजे सिव्हिलवाल्यांच्या ओळखीचे कार्ल टर्झागी.

जन्म १८८३, प्रागचा. ग्राझला शिकले मेकॅनिकल, पण ओढा डोंगर आणि भूगर्भशास्त्राकडे. साइटवर गेल्यावर कळलं, काँक्रीटचं गणित जमतं, खालच्या मातीचं कुणालाच नीट सांगता येत नाही. १९१६ साली ते इस्तंबूलला शिकवायला गेले. युद्धानंतर तिथल्याच रॉबर्ट कॉलेजात जुजबी साहित्य जमवून चिकणमातीवर प्रयोग केले. उमगलं ते असं: मातीवरचं ओझं थोडं कण पेलतात, थोडं पोकळीतलं पाणी. पाण्याचा दाब वाढला की कणांची पकड सैल होते आणि उतार घसरतो. १९२५ साली पुस्तक आलं आणि सॉइल मेकॅनिक्स हा विषय उभा राहिला. पुढे एमआयटी, व्हिएन्ना, हार्वर्ड. १९३० च्या दशकात स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी हिमस्खलन समजून घ्यायला बर्फाचे थरही याच दृष्टीने तपासले. १९६३ साली टर्झागी गेले.

सूत्र आपण परीक्षेपुरतं पाठ करतो. पण मुसळधार पावसात तेच आपल्या पायाखाली असतं. उतारावर ताजी भेग दिसली, झरा एकाएकी गढूळला, तर माथा गाठायचा हट्ट सोडा. मागे फिरा, आणि खालच्या वाडीलाही सांगा.