सेमाफोरचे जनक : एड्सगर डायक्स्ट्रा

ओएसचं प्रॅक्टिकल सुरू झालं की सेम_वेट आणि सेम_पोस्ट ही दोन फंक्शन्स प्रत्येकाच्या जर्नलमध्ये येऊन बसतात. सबमिशनच्या आदल्या रात्री तर ती होस्टेलभर फिरतात! पण त्यामागे कोणाचं डोकं होतं, हे व्हायवात सहसा कोणी विचारत नाही. म्हणून हा लेख.

एड्सगर डायक्स्ट्रा यांचा जन्म ११ मे १९३० रोजी हॉलंडमधल्या रॉटरडॅम शहरात झाला. वडील केमिस्ट्रीचे शिक्षक, आई गणितज्ञ. लायडन विद्यापीठात फिजिक्स शिकत असतानाच १९५२ साली ते अॅमस्टरडॅमच्या मॅथेमॅटिकल सेंटरमध्ये प्रोग्रॅमर म्हणून लागले. १९५७ मध्ये लग्नाच्या फॉर्मवर त्यांनी हाच व्यवसाय लिहिला, तर असा व्यवसायच नसतो म्हणून सरकारी ऑफिसने तो नाकारला!

आपल्याला ते माहीत आहेत शॉर्टेस्ट पाथसाठी. पण त्यांची खरी झुंज वेगळीच होती. एक्स-१ या कॉम्प्युटरचा इंटरप्ट हँडलर त्यांनी लिहिला आणि १९५९ साली त्यावरच पीएच.डी. मिळवली. इंटरप्ट कधीही येऊ शकतो. त्यामुळे एखादी चूक हजारात एकदाच दिसते आणि पुन्हा शोधायला जावं तर सापडत नाही. टेस्टिंगवर विसंबून चालणार नाही, हे त्यांना तिथेच पटलं.

१९६२ मध्ये ते आइंडहोवनला प्रोफेसर झाले. तिथे छोट्या टीमबरोबर त्यांनी एक्स-८ मशीनसाठी टीएचई ही ऑपरेटिंग सिस्टिम बांधली आणि तिच्यासाठी सेमाफोर वापरला. हे नाव रेल्वेच्या हात असलेल्या सिग्नलवरून आलं. कल्पना अगदी साधी. एक आकडा आणि त्यावर दोनच क्रिया, पी आणि व्ही. आकडा शून्य असेल तर प्रोसेसने थांबायचं. काम झालं की आकडा एकने वाढवायचा, म्हणजे थांबलेल्याला वाट मिळते. अट एकच, या क्रियांच्या मध्ये कोणी घुसता कामा नये. आपल्या पेपरात हमखास येणाऱ्या डायनिंग फिलॉसॉफर्सचं मूळही त्यांनी १९६५ मध्ये परीक्षेला घातलेल्या प्रश्नात आहे.

हे सगळं फक्त मार्कांपुरतं नाही. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात थेरॅक-२५ या रेडिएशन मशीनने सहा पेशंट्सना प्रचंड जास्त डोस दिला. काहींचा जीव गेला. त्या सॉफ्टवेअरमध्ये रेस कंडिशन होती.

१९७२ साली डायक्स्ट्रांना ट्युरिंग अवॉर्ड मिळालं. १९८४ मध्ये ते टेक्सास विद्यापीठात गेले. फाउंटन पेनने नोट्स लिहायच्या, त्यांना नंबर द्यायचा आणि कॉपी मित्रांना पोस्टाने पाठवायच्या, हा त्यांचा शिरस्ता. अशा तेराशेहून जास्त नोट्स झाल्या! ६ ऑगस्ट २००२ रोजी हॉलंडमध्येच कॅन्सरने त्यांचं निधन झालं.

त्यांची कल्पना मात्र लायब्ररींमध्ये हळूहळू शिरत राहिली. पॉझिक्सच्या स्टँडर्डमध्ये सेमाफोर १९९३ साली आला. सी भाषेची स्टँडर्ड थ्रेड फंक्शन्स २०११ मध्ये ठरली, पण लिनक्सच्या जीलिबसीमध्ये यायला २०१८ उजाडलं. सी++ ला स्टँडर्ड सेमाफोर मिळाला तो २०२० मध्ये.

फंक्शन्स आता तयार मिळतात, पण सेम_वेट कुठे लिहायचं हे लायब्ररी सांगत नाही. प्रोग्रॅम शंभर वेळा नीट चालला, तरी एकशे एकाव्या वेळी तो का अडकणार नाही, हे कागदावर मांडून बघावंच लागतं. डायक्स्ट्रा आयुष्यभर हेच शिकवत होते.