जिम कॉर्बेट : वाघ मारणारे, जंगल राखणारे आणि गाव वसवणारे

जिम कॉर्बेट हे नाव तुम्ही ऐकलेलंच असणार. नरभक्षक वाघांच्या गोष्टी मुलांना सांगितल्या की वर्ग कसा चिडीचूप होतो, हे वेगळं सांगायला नको. पण गोष्ट तिथंच थांबली तर मुलांच्या मनात एक बंदूकवाला साहेब तेवढा उरतो. म्हणून आज त्यांचं आयुष्य थोडं सविस्तर बघू.

कॉर्बेट यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनितालला झाला. वडील तिथले पोस्टमास्तर. घरात भावंडांची मोठी फौज. जिम सहा वर्षांचेही नव्हते तेव्हा वडील वारले आणि सगळा संसार आईवर पडला. उन्हाळा नैनितालला आणि हिवाळा डोंगराच्या पायथ्याशी कालाढुंगीला, असं त्यांचं राहणं होतं. कालाढुंगीच्या घरामागेच जंगल सुरू व्हायचं. पक्ष्यांचे आवाज, प्राण्यांच्या पावलांचे ठसे, कोणतं जनावर कशाला घाबरून ओरडतंय, हे सगळं हा मुलगा तिथंच शिकला. शाळेचं शिक्षण मात्र फार झालं नाही. घराला पैशाची गरज होती, म्हणून अठराव्या वर्षाच्या सुमारास ते रेल्वेत नोकरीला लागले.

पुढे बिहारमध्ये गंगेच्या काठी मोकामा घाटावर माल उतरवण्या-चढवण्याचं कंत्राट त्यांनी वीसेक वर्षं सांभाळलं. तिथली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. कॉर्बेट आणि तिथले स्टेशन मास्तर रामसरन यांनी कामगारांच्या आणि रेल्वेच्या माणसांच्या मुलांसाठी एका झोपडीत शाळा काढली. अडचण आली ती जातीची. वेगवेगळ्या जातींची मुलं एका घरात बसणार नाहीत, असं लोक म्हणू लागले. रामसरन यांनी झोपडीच्या भिंतीच काढून टाकल्या! घर नाही, नुसतं छप्पर उरलं, आणि छपराखाली एकत्र बसायला कुणाची हरकत नव्हती. शाळा सुरू झाली आणि पुढे चांगली वाढलीसुद्धा. मला तर हा प्रसंग त्यांच्या कुठल्याही शिकारीपेक्षा मोठा वाटतो.

शिकारींबद्दल थोडक्यात. १९०७ मध्ये त्यांनी चंपावतची वाघीण मारली. तिच्या नावावर ४३६ माणसांचे बळी होते. रुद्रप्रयागच्या बिबट्यानं आठ वर्षांत सव्वाशे माणसं मारली होती, तो १९२६ मध्ये त्यांच्या गोळीला बळी पडला. मुलांना हे आकडे सांगा, पण त्यापुढचंही सांगा. मारलेलं जनावर कॉर्बेट नीट तपासायचे. चंपावतच्या वाघिणीचे सुळे पूर्वी लागलेल्या गोळीनं तुटलेले होते. दुसऱ्या काही वाघांच्या अंगात साळिंदराचे काटे रुतून जखमा चिघळल्या होत्या. वाघ हौस म्हणून माणूस मारत नाही, नेहमीची शिकार जमेना झाली की माणसाकडे वळतो, हे त्यांना असं पुराव्यानिशी कळलं.

हळूहळू बंदुकीपेक्षा कॅमेरा त्यांना जवळचा वाटू लागला. शाळांमध्ये जाऊन ते मुलांना जंगलाबद्दल सांगू लागले. १९३६ मध्ये रामगंगेच्या खोऱ्यात भारतातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं, त्याच्या सीमा ठरवताना कॉर्बेट यांचा सल्ला घेतला गेला. तेव्हा त्याचं नाव हेली नॅशनल पार्क होतं आणि क्षेत्र सुमारे ३२४ चौरस किलोमीटर. तरी एक गोष्ट झाकून ठेवू नये. त्यानंतरही व्हाइसरॉयच्या शिकारींची व्यवस्था कॉर्बेटच बघत होते. ते इंग्रजी राज्यातले साहेब होते, आणि माणूस एका दिवसात बदलत नाही.

आता छोटी हल्द्वानी. कालाढुंगीजवळची ही जमीन त्यांनी १९१५ मध्ये घेतली आणि तिथं कुळं वसवली. रानडुकरं रात्रीत पीक फस्त करत. आपल्याकडे ताडोब्याच्या आसपासच्या शेतकऱ्यांना हे दुखणं समजावून सांगावं लागणार नाही. कॉर्बेट यांनी गावाभोवती दगडी भिंत बांधून घेतली, सुमारे सात किलोमीटर लांबीची. कामाला वर्षानुवर्षं लागली. पिकाच्या राखणीसाठी गावाला एक बंदूकही दिली. जंगल वाचवायचं तर जंगलाशेजारच्या माणसाचं पोट आधी सांभाळावं लागतं, हे त्यांनी भाषण न करता केलं.

१९४७ च्या अखेरीस ते बहीण मॅगीसोबत केनियाला गेले. जाताना जमीन कुळांच्या नावावर करण्याची व्यवस्था केली, आणि परदेशातूनही त्या जमिनीचा सारा स्वतः भरत राहिले. १९ एप्रिल १९५५ रोजी केनियातल्या न्येरी इथं त्यांचं निधन झालं.

त्यानंतर उद्यानाला त्यांचं नाव मिळालं आणि उद्यान वाढत गेलं. १९६६ मध्ये ते सुमारे ५२० चौरस किलोमीटरचं झालं. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्पाची सुरुवात तिथल्याच ढिकाल्यातून झाली. लगेच पुढच्या वर्षी कालागढचं धरण पूर्ण झालं आणि नदीकाठचं बरंचसं गवताळ रान पाण्याखाली गेलं. १९९१ मध्ये सोनानदी अभयारण्य आणि भोवतालचं राखीव जंगल जोडून व्याघ्र प्रकल्पाचं क्षेत्र जवळपास १,२८८ चौरस किलोमीटर झालं. वाघांना जागा मिळाली, हे चांगलंच. पण नकाशावर रेघ पुढे सरकली की तिच्या आतल्या माणसांचं काय? झिरना हे आज सफारीचं ठिकाण म्हणून प्रसिद्ध आहे, पण ते आधी एक गाव होतं, नव्वदच्या दशकात ते उठवलं गेलं. म्हशी राखणाऱ्या वन गुज्जरांनाही जागा सोडाव्या लागल्या. वर्गात वाघांची वाढलेली संख्या सांगतो, तेव्हा हेही सांगायला हवं, आणि मुलांनी प्रश्न विचारले तर विचारू द्यायला हवेत.

छोटी हल्द्वानी मात्र जागच्या जागी आहे. कालाढुंगीच्या घरात आता संग्रहालय आहे. गावातली काही कुटुंबं पर्यटकांना स्वतःच्या घरी उतरवतात, गाव फिरवून दाखवतात, आणि त्यातून त्यांना चार पैसे मिळतात. फिरवताना ती दगडी भिंतही दाखवतात.