यमनला निघालेला तरुण मुअल्लिम : हजरत मुआज बिन जबल (रजि.)

मदिनेच्या खजरज कबिल्यातील हजरत मुआज बिन जबल (रजि.) यांनी अकबा येथील दुसऱ्या बैअतीत प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांच्या हातात हात दिला, तेव्हा त्यांचे वय अठराच्या आसपास होते. ते वर्ष इ.स. 622. त्याआधी मक्केहून आलेल्या हजरत मुसअब बिन उमैर (रजि.) यांच्या शिकवणीतून मदिनेतील घराघरांत तौहीदचा संदेश पोहोचला होता. बनू सलमा वस्तीतील तरुणांनी तर अम्र बिन जमूह या आपल्या सरदाराची लाकडी मूर्ती रात्री उचलून खड्ड्यात टाकण्याचा सपाटाच लावला होता. मुआज (रजि.) त्या तरुणांत होते. पुढे अम्र स्वतः मुसलमान झाले आणि उहुदच्या रणात शहीद झाले.

मुआज (रजि.) यांची खरी ओळख मात्र कुरआनमुळे आहे. प्रेषितांच्या हयातीतच ज्या अन्सारांनी संपूर्ण कुरआन हृदयात साठवला, त्या मोजक्या चौघांत त्यांचे नाव घेतले जाते. ज्या चार सहाबींकडून कुरआन शिकावा असे खुद्द प्रेषितांनी सांगितले, त्यांतही ते आहेत. विशीतल्या माणसाला एवढा मान मिळाला, की त्याच्याबरोबर एक धोकाही येतो, आणि तो धोका त्यांच्याही वाट्याला आला. माझ्या मते त्यांचे पुढचे सारे जीवन त्या एका प्रसंगाच्या उजेडात वाचावे.

मुआज (रजि.) इशाची नमाज प्रेषितांच्या मागे अदा करीत आणि मग आपल्या वस्तीत परतून तेथील लोकांची इमामत करीत. एका रात्री त्यांनी नमाजेत सूरह बकरा सुरू केली. या सूरहमध्ये 286 आयती आहेत. मागे उभ्या असलेल्यांत दिवसभर उंटांवरून पाणी ओढून थकलेला एक शेतकरी होता. त्याने जमात सोडली, आपली नमाज वेगळी अदा केली आणि तो निघून गेला. मुआज (रजि.) यांना हे कळले तेव्हा त्यांनी त्याला मुनाफिक ठरवले. तो बिचारा प्रेषितांकडे तक्रार घेऊन गेला. प्रेषितांनी रागावले ते शेतकऱ्याला नाही, इमामाला. लोकांना संकटात टाकणारा, या अर्थाचा कठोर शब्द त्यांनी तीन वेळा उच्चारला आणि सूरह आला, शम्स, लैल यांसारख्या सूरह पढण्यास सांगितले. कारण मागे वृद्ध, दुर्बल आणि कामाची घाई असलेले लोकही उभे असतात. रात्रीच्या विजेवर पिकाला पाणी देण्यासाठी इशानंतर शेतात जाणारे नमाजी आजही आपल्या गावांतील मशिदींत असतात. त्यामुळे ही हदीस इमामांनी तरी केवळ फिकहच्या तासापुरती ठेवू नये.

हिजरी 8 मध्ये मक्का जिंकल्यानंतर तेथील नवमुस्लिमांना दीन शिकवण्यासाठी प्रेषितांनी मुआज (रजि.) यांना मागे ठेवले. तबूकच्या मोहिमेत ते सोबत होते. हात सढळ असल्यामुळे ते कर्जात बुडाले आणि त्यांची मालमत्ता सावकारांत वाटून द्यावी लागली. घरी काहीही उरलेले नाही, वय सव्वीस-सत्तावीस, अशा वेळी प्रेषितांनी त्यांना यमनच्या एका भागाची जबाबदारी सोपवली. शिक्षक, न्यायाधीश आणि जकात वसूल करणारा अधिकारी ही तिन्ही कामे एकट्याकडे होती. दुसरा भाग हजरत अबू मूसा अशअरी (रजि.) यांच्याकडे होता. ते मूळचे यमनचेच, मुआज (रजि.) तेथे पूर्णपणे परके होते.

निरोपाचा प्रसंग हदीसच्या ग्रंथांत तपशिलाने आला आहे. मुआज (रजि.) वाहनावर स्वार होते आणि प्रेषित (सल्ल.) त्यांच्या बाजूने पायी चालत होते. ज्यांच्याकडे जायचे ते ग्रंथधारक लोक आहेत, म्हणून आधी त्यांना एकेश्वराच्या साक्षीचे आवाहन करावे. ते मानले तर पाच नमाजा सांगाव्यात. तेही मानले तर जकात सांगावी, जी त्यांच्याच श्रीमंतांकडून घेऊन त्यांच्याच गरिबांना द्यायची आहे. लोकांच्या मालातला उत्तम भाग उचलू नये आणि पीडिताच्या हाकेची भीती बाळगावी, कारण तिच्यात आणि अल्लाहमध्ये पडदा नसतो. दोघांनाही मिळून एक ताकीद होती: सोपे करावे, अवघड करू नये, शुभवार्ता द्यावी, लोकांना दूर लोटू नये, आणि आपसांत एकमताने राहावे. सूरह बकराची ती रात्र ज्याला ठाऊक आहे, त्याला हे शब्द मुआज (रजि.) यांच्या कानी कसे पडले असतील याची कल्पना करता येते.

निवाडा कशाच्या आधारे करणार, या प्रश्नावर त्यांनी आधी कुरआन, मग सुन्नत आणि तेथेही न सापडल्यास स्वतःचा विचारपूर्वक इज्तिहाद असे उत्तर दिल्याचीही प्रसिद्ध रिवायत आहे. तिच्या सनदीवर मुहद्दिसांनी चर्चा केली आहे, तरी उसूलच्या विद्वानांनी तिला मोठे स्थान दिले. शेवटी प्रेषितांनी सूचित केले, की परत येशील तेव्हा कदाचित माझी मशीद आणि माझी कबरच तुला दिसेल. मुआज (रजि.) रडू लागले.

यमनमध्ये त्यांनी काय केले, हे जकातीच्या दोन गोष्टींतून चांगले कळते. धान्याच्या जकातीत जव आणि ज्वारीऐवजी त्यांनी लोकांकडे कापड मागितले. यमन विणकामाचा प्रदेश. कापड देणे तेथल्यांना सोपे होते आणि मदिनेतील सहाबींना त्याची अधिक गरज होती. दुसरी गोष्ट गायींची. तीस गायींमागे एक वर्षाचे वासरू आणि चाळीसमागे दोन वर्षांची कालवड, हे त्यांना ठाऊक होते. तिसापेक्षा कमी गायींची जकात कोणी आणून दिली, तेव्हा त्यांनी ती घेतली नाही. याविषयी आपण प्रेषितांकडून काही ऐकलेले नाही, भेट होईल तेव्हा विचारू, असे त्यांनी कळवले. ज्याला इज्तिहादची मुभा मिळाली होती, तोच लोकांच्या खिशाला हात घालताना थांबला.

अबू मूसा (रजि.) यांच्याशी त्यांच्या भेटी होत. एकदा दोघांत कुरआन पठणाची चर्चा निघाली. अबू मूसा उभे, बसलेले, वाहनावर असताना थोडे थोडे पढत राहात. मुआज (रजि.) रात्रीच्या पहिल्या भागात झोपत, मग उठून पढत आणि त्या झोपेचेही पुण्य मिळेल अशी आशा ठेवीत. थकलेल्या शेतकऱ्याची झोप एकेकाळी ज्यांच्या ध्यानी आली नव्हती, ते आता झोपेकडे असे पाहत होते. ताइझजवळच्या अल-जनद येथील जुनी मशीद त्यांनीच उभारली, असे परंपरा सांगते.

गायींचा तो प्रश्न विचारायचा राहूनच गेला. हिजरी 11 मध्ये प्रेषितांचे निधन झाले, तेव्हा मुआज (रजि.) अजून परतले नव्हते.

नंतर हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत ते शामला गेले. दमास्कसच्या मशिदीत एका ताबिईने पाहिले, की लोक मतभेद झाला की चमकदार दातांच्या, शांत बसलेल्या एका तरुणाकडे वळतात, तेच मुआज (रजि.) होते. हिजरी 18 (इ.स. 639) मध्ये अमवासची प्लेगची साथ आली. सेनापती हजरत अबू उबैदा (रजि.) तिच्यात गेले आणि नेतृत्व मुआज (रजि.) यांच्याकडे आले. ते फार काळ टिकले नाही. आधी त्यांचा मुलगा गेला, मग ते स्वतः. चाळिशीही त्यांनी गाठली नव्हती. त्यांच्यानंतर हजरत अम्र बिन आस (रजि.) यांनी सूत्रे हाती घेतली, लोकांना डोंगरांत पांगवले आणि साथ ओसरली. जॉर्डन नदीच्या खोऱ्यात मुआज (रजि.) यांची कबर दाखवली जाते.