केथे कोल्विट्झ : क्रांतीचा आणि शोकाचा हिशेब

१८९८ साली बर्लिनच्या कलाप्रदर्शनात 'विणकरांचा उठाव' ही सहा मुद्राचित्रांची मालिका मांडली गेली. वयोवृद्ध चित्रकार मेंझेल यांच्या आग्रहावरून परीक्षकांनी तिला सुवर्णपदक द्यावे अशी शिफारस केली. कैसर दुसरा विल्हेल्म याने ती फेटाळली. उपाशी विणकर कुऱ्हाडी घेऊन मालकाच्या हवेलीवर चालून जातात, हे दृश्य राजदरबाराला मानवणारे नव्हतेच.

चित्रकर्त्री केथे कोल्विट्झ तेव्हा तीस-एकतीस वर्षांच्या होत्या. जन्म १८६७ चा, क्यॉनिग्सबर्गच्या एका समाजवादी विचारांच्या घरातला. १८९१ पासून वास्तव्य बर्लिनच्या कामगारवस्तीत. पती कार्ल तेथे डॉक्टर होते. बाळंतपणांनी आणि बेकारीने खचलेल्या ज्या स्त्रिया दवाखान्यात येत, त्याच पुढे त्यांच्या चित्रांत आल्या. 'शेतकऱ्यांचे युद्ध' या मालिकेत (१९०२–०८) सोळाव्या शतकातील बंडखोरांचा लोंढा रणात लोटणारी आकृतीही एका स्त्रीचीच आहे : पाठमोरी, दोन्ही हात उभारलेली.

१९१४ साली ही भूमिका त्यांच्याच वाट्याला आली. अठरा वर्षांचा धाकटा मुलगा पेटर सैन्यात स्वेच्छेने जाऊ इच्छित होता. तो अज्ञान, म्हणून पित्याची संमती आवश्यक. कार्ल नकार देत होते. केथे यांनी त्यांचे मन वळविले. ऑक्टोबरात पेटर बेल्जियममध्ये मारला गेला. त्याच्या स्मारकाला त्यांना जवळजवळ अठरा वर्षे लागली. आरंभीच्या आराखड्यात मुलाचीही आकृती होती. १९३२ मध्ये बेल्जियमच्या दफनभूमीत उभे राहिले ते फक्त गुडघे टेकलेले आईबाप. क्रांतीचे गोडवे गाणारी चित्रे त्या काळी युरोपात उदंड निघाली. आपण कोणाला मरणाकडे पाठविले, याचा हिशेब मांडणारी थोडीच.

जानेवारी १९१९ मध्ये कार्ल लीबक्नेख्ट यांची हत्या झाली. त्यांचे राजकारण कोल्विट्झबाईंना मान्य नव्हते. तथापि कुटुंबीयांच्या विनंतीवरून त्यांनी शवागारात जाऊन रेखाटने केली. अम्लरेखन झाले, शिलामुद्रण झाले. समाधान झाले ते अखेर १९२० च्या काष्ठठशाने. त्यात नेता तळाशी एका अरुंद पट्टीत आहे. बाकी सारे चित्र ओणवलेल्या कामगारांनी व्यापले आहे. स्वतःला कम्युनिस्ट न म्हणविणाऱ्या हातून झालेले हे चित्र पुष्कळ पक्षनिष्ठांच्या चित्रांहून अधिक काळ टिकले.

१९३३ मध्ये हिटलरविरुद्ध समाजवादी व कम्युनिस्ट यांनी एक व्हावे, या आवाहनावर सही केल्यामुळे त्यांना प्रशियाच्या कला अकादमीचा राजीनामा द्यावा लागला. पुढे प्रदर्शनेही बंद झाली. त्यांच्या अखेरच्या शिलामुद्रणात एक वृद्धा तीन मुलांना हातांखाली दडपून धरते आणि मुले मात्र बाहेर डोकावतात. ते १९४२ चे. त्याच वर्षी पेटर नावाचा त्यांचा नातू रशियाच्या आघाडीवर पडला. २२ एप्रिल १९४५ रोजी मोरिट्झबुर्ग येथे कोल्विट्झबाई निवर्तल्या, तेव्हा युरोपातील युद्ध संपायला पंधरवडा उरला होता.