बुखाऱ्याहून आलेले ‘मुसाफिर’

पाणचक्की ही छत्रपती संभाजीनगरची जुनी ओळख. मात्र ही चक्की ज्यांच्या तकियाच्या परिसरात उभी राहिली, त्या बाबा शाह मुसाफिर यांचे चरित्र मध्य आशियाच्या एका मोठ्या धर्मांतराशी जोडलेले आहे, याची जाणीव थोड्यांनाच असते.

बाबांचा जन्म बुखाऱ्याजवळच्या गिजदुवान येथे झाला. या प्रदेशाच्या उत्तरेला तुर्क-मंगोल पशुपालकांची अफाट गवताळ भूमी पसरलेली होती. चंगीझखानाचा नातू बर्के (राजवट १२५७ ते १२६६) याने इस्लाम स्वीकारला. पुढे उझबेकखानाने (१३१३ ते १३४१) त्याला राज्यधर्माचे स्थान दिले. खानांच्या आज्ञेने दरबार बदलला, पण तंबूतंबूंतून हा धर्म रुजला तो मुख्यतः फिरस्त्या सुफींमुळे. त्याच परंपरेतील बहाउद्दीन नक्शबंद १३८९ मध्ये बुखाऱ्याजवळ निवर्तले. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा नक्शबंदी पंथ तैमूरच्या वंशजांचा आणि पुढे मोगलांचाही आदरविषय ठरला.

बुखाऱ्यात शिक्षण घेतल्यानंतर बाबा गुरूच्या शोधात निघाले. आज पाकिस्तानात असलेल्या हसन अब्दाल येथे त्यांना बाबा पलंगपोश भेटले. मराठी कानाला या नावाने चादर आठवेल. परंतु फारसीत ‘पलंग’ म्हणजे बिबट्या. बिबट्याचे कातडे पांघरणारा, असा त्या नावाचा अर्थ. त्यांच्याकडूनच मुसाफिरांनी नक्शबंदी दीक्षा घेतली.

औरंगजेबाच्या दख्खन मोहिमांत तुराणी, म्हणजे मध्य आशियातून आलेले, सैनिक मोठ्या संख्येने होते. त्यांचा अग्रगण्य सरदार गाझिउद्दीनखान फिरोजजंग. हैदराबादच्या पहिल्या निजामाचा हा पिता पलंगपोशांचा भक्त होता. गुरू त्याच्या फौजेबरोबर छावण्यांत वावरत. शिष्याने मात्र तेव्हाच्या औरंगाबादेत, खाम नदीकाठच्या तकियात मुक्काम ठेवला. मायदेशापासून दूर आलेल्या सैनिकांना आणि दरवेशांना तेथे आसरा मिळाला. गवताळ प्रदेशात सुफींनी जे केले, तेच मुसाफिर येथे करीत राहिले. फरक एवढाच, की तेथे सुफी भटक्यांच्या मागे फिरत. येथे भटके सुफीच्या दाराशी येत.

पलंगपोश १६९९ मध्ये वारले, तर मुसाफिर सुमारे १७१५ मध्ये. दोघांच्याही कबरी याच परिसरात आहेत. उत्तराधिकारी शाह महमूद यांच्या काळात वास्तूंचा विस्तार झाला. दोन्ही बाबांच्या आठवणींचा फारसी ग्रंथ ‘मलफुजात-इ-नक्शबंदिया’ त्यांनीच सिद्ध केला. हर्सूलच्या बाजूने मातीच्या नळांतून आणलेल्या पाण्यावर चक्की फिरे आणि आश्रितांसाठी धान्य दळले जाई.

मोगलांची छावणी उठली, तुराणी फौजाही पांगल्या. या शहरात त्यांच्या सरदारांची नावे आज इतिहासाच्या पुस्तकांपुरती उरली आहेत. आयुष्यभर ‘प्रवासी’ म्हणवून घेणाऱ्याचे नाव मात्र येथे कायमचे वस्तीला राहिले.